बिनकुंपणाचं गवत

सिडकोत एकतीस वर्षं मी रेषाच ओढल्या.
प्लॉटची हद्द जाड, रस्त्याची बारीक,
गटाराची तुटक.
त्यामुळे बेलापुरात माझ्या वरच्या खोलीत
भाड्यानं राहायला आलेल्या नेब्रास्काच्या लोरेटाला
मी पहिला प्रश्न हाच विचारला:
तुमच्याकडे कंपाउंडची भिंत किती फुटी?

नसतेच, म्हणाली.
पुढच्या अंगाला एका घराचं गवत
दुसऱ्याच्या गवतात सरळ मिसळतं.
मला ते फार उदार वाटलं.
मढवीवहिनींना सांगितलंसुद्धा,
बघा, याला म्हणतात मोठं मन.
वहिनी तेव्हा काचा लावलेल्या आमच्या भिंतीवरून
निवट्यांच्या कालवणाची वाटी
लोरेटासाठी पुढे करत होत्या,
वर ताटली पालथी घालून.

ती खाडीचा चिखल मोजायला आलेली.
गुडघ्यापर्यंत राखाडी होऊन परतायची
आणि चौकातून जिन्यापर्यंत पोचेतो
सात घरं विचारायची: आलात का?
दोन महिने ती चिडायची.
दिसतंय ना आले ते, मग विचारता कशाला?
प्रश्न नाही हो तो, मी म्हणायचो.
मग काय आहे?
ते मला कधी सांगता आलं नाही.

वडील आजारी म्हणून ती घरी गेली,
तीन आठवड्यांनी परतली
आणि बूट न काढता ओट्यावर बसून बोलत राहिली.
मराठी तोवर बरं झालं होतं,
फक्त खाडीला ती अजून 'तो' म्हणायची.

गवत तसंच आहे, म्हणाली. एका उंचीचं.
अकरा दिवस मी खिडकीतून बघितलं,
त्यावरून कोणी आलं नाही.
अडवायला काही नाही, तरी नाही.
यालाच मी चाळीस वर्षं मोकळीक म्हणत होते.

पण म्हणून आमच्या लोकांना नावं ठेवू नका हं,
ती घाईनं म्हणाली.
(मी ठेवणारच होतो.)
रात्री दीड वाजता वडिलांना दवाखान्यातून आणताना
मक्याच्या शेतांमधल्या चौरस्त्यावर
थांबा लिहिलेली पाटी लागली.
चारी दिशांना मैलभर दिवा नाही.
भाऊ थांबला. पूर्ण थांबला.
मागच्या सीटवरून वडील ग्लानीत पुटपुटले,
एक, दोन, तीन.
मग गाडी निघाली.
लहानपणी याला मी हसायचे.
तुमचा पाम बीच रस्ता ओलांडायला शिकले नसते
तर ते तीन आकडे मला ऐकूही आले नसते.

मी चहा टाकायला उठलो.
ती म्हणाली, अजून एक आहे, तुम्हाला लागेल.
लागू दे.
तुमच्या मोरीजवळच्या खिळ्याला
हौसाबाईंचा कप टांगलेला असतो.
पहिल्याच आठवड्यात दिसला. तुमचा राग आला,
फोन करून आईला सांगितलं, कसली माणसं आहेत.
आई काहीच बोलली नाही.
या खेपेला मी गावातले रूळ ओलांडून पलीकडे गेले.
आयुष्यात दुसऱ्यांदा.
माझ्या शाळेपासून सहा मिनिटं चालत.
तिकडच्या एकाही माणसाचं नाव मला येत नाही.
आमच्याकडे खिळा नाही, म्हणाली,
म्हणून ते दिसत नाही, इतकंच.

रूळ नकाशात बारीकच असतो.
मीसुद्धा बारीकच काढायचो.

ती वर झोपायला गेली.
मी बसून राहिलो. चहा उकळून उकळून काळा झाला.
माझ्याकडे पासपोर्ट नाही.

सकाळी हौसाबाई चौक झाडून आली,
झाडू भिंतीला टेकवून पायरीखाली उभी राहिली.
मी घरातल्या कपात चहा ओतला
आणि बशीसकट तिच्यापुढे धरला.
तिनं आधी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग मान वाकडी करून मोरीकडे.
काका, म्हणाली,
माझा कुठं गेला?