डीपीच्या पट्टीत

जालन्याला मिशन शाळेच्या हॉलमागं डीपी आहे.
सव्वीस वर्षं मी तिचे फ्यूज बांधले.
आता रिटायर, तरी पेटीची एक किल्ली करदोट्याला.
तिचा आवाज मला कधी आवाज वाटलाच नव्हता;
घरातलं म्हातारं माणूस बसल्या जागी कण्हतं, तसा.

त्या शनिवारी दुपारी हॉलवर चौघं आली,
विशीच्या अलीकडची पलीकडची.
एस्थेर निर्मळ, संघपाल खिल्लारे, दोघांकडं व्हायोलिन.
नुजहतजवळ तसंच काही, पण अंगानं थोरलं, गळ्यानं घोगरं,
व्हायोला म्हणे.
आणि मन्मथ बिडवे, त्याचा तो माणसाएवढा चेलो घेऊन.
अंबडहून येताना एसटीत कंडक्टरनं
चेलोचंही फुल तिकीट फाडलं होतं.
मन्मथनं ते खोक्यालाच चिकटवलेलं.

मी पंख्याचं बघायला आलेलो.
लावला की कागद उडतात,
बंद केला की बोटं घामानं घसरतात.
शेवटी कागदांना कपड्यांचे चिमटे
आणि पंखा दोनवर.

मग एस्थेर थांबली, कान भिंतीकडं.
"काका, हे काय घुमू राहिलं?"
डीपी, म्हटलं.
"बंद करता येईल? तासभर?"
येईल की. किल्ली कमरेलाच होती.
पण त्याच लाईनवर दवाखाना, बाळंतिणींचा वॉर्ड.
नाही म्हणालो.

मन्मथनं जाड तारेवर गज ओढला,
बोट केसभर वर सरकवलं,
आणि हवेत जी वंव-वंव चालली होती
ती मंद होत होत मिटली.
"आपल्यापेक्षा थोडी चढी आहे," तो म्हणाला.
"मग आपणही चढा," एस्थेर म्हणाली.
संघपाल कुरकुरला: बारीक तार जुनी आहे,
दुसरी पुण्याहून यायला आठवडा.
तरी त्यानं खुंटी पिळली, डोळे मिटून, तोंड बाजूला करून,
पोरं फटाक्याची वात पेटवताना करतात तसं.
तार राहिली.

साडेसहाला माणसं आली. पन्नासेक असतील.
दवाखान्यातल्या नर्स, बियाणे कंपनीतले दोघं,
रोलिंग मिलमधली संघपालच्या वडलांची अख्खी पाळी,
कानात अजून लोखंड.
नुजहतची फुफी पुढच्याच खुर्चीवर, पायाशी डबा.
टाळ्या कुठं वाजवायच्या कुणाला ठाऊक नव्हतं.
एकदा मध्येच वाजल्या, तेव्हा चौघंही हसली
आणि पुढं सरकली.

थंड मुलखातल्या कुण्या माणसानं
दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं ते.
मला त्यातलं काही कळलं नाही.
एवढं दिसलं की कुणी कुणाला खूण करत नव्हतं;
एस्थेर नाकानं श्वास घ्यायची
आणि चार गज एकदम उतरायचे,
मी खांबावर असताना खाली हेल्परनं
न सांगता दोर सैल सोडावा तसे.

संथ भाग चालू असताना लाईट गेली.
पंखा गरगरत थांबला. कागद दिसेनात.
कुणीतरी मोबाईल पेटवला,
फुफी म्हणाली, "बुझाओ."
लांब कुठं दवाखान्याचं जनरेटर लागलं.
ती चौघं थांबली नाहीत.
सवयीनं मी मागच्या भिंतीला कान लावला:
डीपी मुकी.
पण तिचा स्वर हॉलमध्ये होता,
चेलोच्या जाड तारेत, केसभर चढा,
दुपारी त्यांनी तिच्याकडून घेतला तिथंच, जसाच्या तसा.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला ऐकलं,
ती नसताना.

लाईट किती वेळानं आली, सांगता येत नाही.
किल्ली हातात होती
आणि मी जागचा हललो नव्हतो.

रात्री घरी येऊन पंखा बंद केला.
"कामून? उकडू राहिलं," बायको म्हणाली.
थांब जरा, म्हटलं. ऐक.
आमच्या गल्लीतली डीपी वेगळी, पट्टी तीच.
ती दोन मिनिटं खरंच ऐकत बसली,
मग उठून तिनंच पंखा लावला.
पाचवर.