पान सातवरची शेळी

दांडिया बाजारच्या बोळात, सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर
आमच्या वाचनालयाची बालशाखा आहे.
म्हणजे एक सतरंजी, दोन कपाटं,
आणि शनिवारी साडेचारला मी.

समोर अकरा जण. कुणाच्या घरी मराठी,
कुणाच्या गुजराती, झैनबच्या घरी दोन्ही आणि वर तिसरी.
मी पुस्तक छातीशी धरते, पानं त्यांच्याकडे उघडी.
मजकूर मला पाठ. चित्रं त्यांची.

आधी नावं वाचायची, हा माझा नेम.
गोष्ट : सुलभा कारखानीस. चित्रं : दिनकर लुकतुके.
मुलं ऐकून घेतात
जेवणाआधीचा श्लोक ऐकावा तशी,
डोळा ताटावर.

एकदा ओजस शिर्केनं मध्येच विचारलं,
"चित्रं लुकतुके म्हणजे काय?"
म्हणजे त्यांनी काढली.
"हातानं?"
हातानं.
"बधां? सगळी?"
सगळी.
तो गप्प झाला. त्याच्या हिशेबात
बिस्किटं कारखान्यात होतात तशी
पुस्तकंही कुठेतरी होत असणार,
पट्ट्यावरून सरकत, आपोआप.

तेवढ्यात झैनबनं पान सातवर बोट ठेवलं.
"मग त्यांना विचारा ने,
या शेळीला पाच पाय का?"

तीन वर्षं मी हे पुस्तक वाचत होते.
मोजले.
चष्मा पुसून पुन्हा मोजले.

पत्र मुलांनीच लिहिलं. प्रश्न एक, सह्या अकरा.
पत्ता लांबचा निघाला नाही :
विश्वामित्रीच्या पुलापलीकडे, अकोट्यात,
जिथून ओजसची शाळेची रिक्षा रोज जाते.

तिसऱ्या शनिवारी ते आले. जिना चढताना दोनदा थांबले.
काखेत फाईल, नखांत काळं,
आणि मुलं त्यांच्याकडे बघत राहिली
जसं मगरीला फुटपाथवर बघावं.

फाईलीतून मूळ चित्र निघालं. पुस्तकातल्यापेक्षा मोठं,
कडेला पेन्सिलीच्या रेघा, एक चहाचं वर्तुळ.
"टाकातून थेंब पडला," ते म्हणाले,
"रात्रीचे दोन वाजलेले. सकाळी छापखान्याचा माणूस यायचा.
कागद तेवढा एकच शिल्लक.
मग थेंब खाली ओढला. पाय झाला.
सुलभाबाईंना दिसला नाही, प्रकाशकाला नाही,
एकतीस वर्षांत कुणालाच नाही."

मग तोफखाना सुरू झाला.
भिंत निळी का? आईच्या स्वयंपाकघराची तशी होती.
गोष्टीत मांजर नाही, मग चित्रात कशी?
"सुलभाबाई लिहायच्या, शेळी आली.
एवढंच. कुठल्या दारातून आली,
दार उघडं कुणी ठेवलं, ते मी बघायचो.
दार उघडं म्हटल्यावर मांजर येणारच."
"त्या चिडायच्या?"
"एकदा. मग मांजरीसाठी त्यांनी अख्खी गोष्ट लिहिली."
"कुठाय?"
ते माझ्याकडे बघायला लागले, मी कपाटाकडे.
आमच्याकडे नव्हती.

जाण्याआधी त्यांनी दौत उघडली.
प्रत्येकाच्या कागदावर एक थेंब.
झैनबच्या थेंबाचा उंट झाला,
कुणाचा ढग, कुणाचा प्रिन्सिपॉल.
ओजस शाई वाळेपर्यंत बघत बसला.
"काय केलंस?"
"थेंब."
लुकतुके वाकले, बराच वेळ बघितलं,
आणि म्हणाले, "बरोबर आहे. थेंबच आहे."
ओजसनं खाली लिहिलं : चित्र : ओजस शिर्के.
गोष्ट, पुढे कोरी जागा.

गडबडीत दौत कलंडली, सतरंजीवर सांडली.
चिटणीस खटावकर अजून मला ते ऐकवतात.
धोबी म्हणाला, निघणार नाही.

आता शनिवारी मी नावं विसरले
तर अकरा जण खोकतात.
डागाला कुणीतरी खडूनं पाय काढलेत.
मी पुस्तक उघडते आणि त्याच्या बाजूला बसते.
किती आहेत, मोजलेले नाहीत.