सात चादरी

अशोक चौकामागे गाजूलांच्या बंद पडलेल्या शेडमध्ये
आम्ही पहिली टेप केली तेव्हा
भिंतींवर सात चादरी टांगल्या होत्या.
चार मोराच्या. तीन रिजेक्ट माल, किनार चुकलेला.
पत्रा फार घुमत होता म्हणून.
त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं.

माईक दोन. एक माझा,
एक मंडपवाल्याकडून उसना,
त्याच्या जाळीत अक्षतेचा एक दाणा अडकलेला.

अंबादास बिंगी गिटारवर उलटा ठोका मारायचा,
पाय जिथे टेकतो तिथे नाही,
जिथे उचलतो तिथे.
स्का म्हणतात त्याला. जमैकात जन्मला,
पुढे इंग्लंडात कारखान्यांच्या गावांतल्या
काळ्या-गोऱ्या पोरांनी पुन्हा उकरून काढला.
अंबादासला तो शिकवावा लागला नाही.
धोटा परतताना माग जो दुसरा आवाज करतो
तो त्याने आईच्या पोटात असल्यापासून ऐकलेला.

बँडचं नाव डबल धोटा.

ट्रॉम्बोनवर दस्तगीर, वरातीतला,
लाल कोट, खांद्यावर झुपके.
त्या दिवशी अंगात ताप.
तिसऱ्या गाण्यात दम तुटला, सूर पाव इंच घसरला.
मोराने गिळला, असं आम्ही नंतर हसत सांगायचो.

टेप गावभर फिरली.
"आवाज काय खडखडीत आहे बे,
कडक भाकरीसारखा!"
"पोरं खरी आहेत, कसला मुलामा नाही."
मी गप्प बसलो.
रिजेक्ट मालाला खरेपणा म्हणतात
हे मला नवीन होतं.

दुसरी टेप पुण्यात.
काचेची खोली, भिंतीला राखाडी स्पंज,
आणि देवदत्त कुंटे नावाचा सज्जन माणूस
जो प्रत्येकाला वेगळं बसवून वाजवून घ्यायचा,
चहा मात्र सगळ्यांना एकत्र.
तीन महिने रियाज करून आला होता दस्तगीर.
असं वाजवलं त्याने, की कुंटे पेन खाली ठेवून
नुसता काचेतून बघत राहिला.

मग रात्री आम्ही दोघं बटणांपाशी बसलो.
ट्रॉम्बोनला थोडी हवा देऊ, तो म्हणाला.
थोडा घुमट. थोडं लांब.
गिटारचा काटा जरा बोथट करू, कानाला टोचतोय.
आणि मी, पत्र्याच्या शेडमधला मी,
म्हणत होतो, अजून थोडं.
अजून.

सोलापुरात लोकांनी ऐकली.
"पुण्याचं पाणी लागलं."
"अंबादासचा हात थंड पडला."
"दस्तगीर? तो आता नुसते गाल फुगवतो."
साखर पेठेतल्या एकाने तर
पैसे परत मागितले, वर चहा पिऊन गेला.
बटणाचं नाव कुणी घेतलं नाही.
बटण दिसत नाही. माणूस दिसतो.

अंबादास आता टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो,
टेबलावर बोटं वाजवत नाही.
दस्तगीर वरातीत.
पहिली टेप मात्र लोक अजून मागतात,
पोरं विचारतात, काका, तो कोरडा आवाज
कसा काढला हो तुम्ही?
मी सांगतो, चादरी.
त्यांना वाटतं गंमत करतोय.

परवा जुन्या हार्ड डिस्कवर
दुसऱ्या टेपमधला एकटा ट्रॉम्बोन सापडला.
घुमट चढवण्याआधीचा.
रात्री एकटाच ऐकत बसलो,
पायावर त्याच सातांतली एक चादर, किनार चुकलेली.
काय वाजवलंय.
श्वास घेण्याचाही सूर लागलेला.

शेवटचा सूर संपतो.
खुर्ची करकरते.
मग दस्तगीर, अगदी जवळून, हळू:
"पुन्हा घेऊ का?"
आणि काचेपलीकडून माझा आवाज,
तरुण, खूश:
"नको रे, झकास झालं.
बाकीचं आम्ही बघतो."