काटा

रात्री अकरा. उंदीरघरात बावीस अंश.
बाहेर अख्ख्या सांगलीवर मळीचा वास,
माधवनगर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या रांगेत,
ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरवर ज्याचं त्याचं गाणं.

चौदा नंबरला शेपटीला धरून डब्यात ठेवते,
डबा काट्यावर.
एकतीस ग्रॅम.
उचलून परत ठेवते. एकतीसच.

पलीकडच्या पिंजऱ्यात त्याचा सख्खा भाऊ,
त्याच तुपकट गोळ्या खाऊन बेचाळीसवर गेलाय.
चौदाच्या पोटात
मीच नळीने दोनशे अळ्या सोडल्या होत्या,
दिवाळीच्या आधी.

खाणं मोजलंय, सारखंच.
लेंड्यासुद्धा वाळवून मोजल्यात.
मग अकरा ग्रॅम गेले कुठे?

"काटा मारत्यात की आतनं,"
भुसा बदलता बदलता मुलाणीमामा म्हणाले.

हा शब्द माझ्या घरचा.
अप्पा एकोणतीस हंगाम कारखान्याच्या काट्यावर.
लग्नात, मयतीत, एसटीत,
कुणी ना कुणी कोपऱ्यात घेऊन विचारायचंच,
"खरं सांगा, टनामागं किती?"
अप्पा पान लावत बसायचे.

सुई टोचून शेपटीतून एक थेंब.
चौदा : एकशे अठरा.
भाऊ : दोनशे चौदा.
हेच यंत्र आमच्या फ्रिजवर आहे,
बाजूला अप्पांची वही,
आज सकाळी दोनशे ऐंशी, आकडा सुवाच्य.

जंतांसाठी हाक दिलेल्या पेशी
चरबीत जाऊन मुक्काम ठोकतात,
तिथली धुमसती धग निवते,
साखर मुकाट आपल्या घरी जाते.
असं मॅडमच्या फळ्यावर आहे, बाणांसकट.
एका बाणावर प्रश्नचिन्ह. ते मी काढलेलं.

सुलभा ऐवळे आठवते.
चौथीत माझ्या बाकावर,
पोट घागरीएवढं, पाय काटक्या,
गणिताच्या तासाला डोकं टेकवून झोपायची.
तिच्या डब्यात अर्धी भाकरी असायची
आणि त्यातही वाटेकरी.
तिच्या चरबीचा अभ्यास
कुणालाच करता आला नसता.

अप्पांना हे एकदा सांगितलं, उंदरांचं.
हसले, खोकले, म्हणाले,
"मग सोड की माझ्यातबी दोन-चार."
मग बराच वेळ काही नाही.
मग,
"पण ते आत बसून आपलं वजन लिहिणार. नको."

उद्या चौदाची पाळी.
आतडं उभं चिरायचं, चिमट्यानं एकेक सोडवायचा.
तांबूस असतात, घड्याळातल्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले.
मोजायचे, वहीत मांडायचे,
कुणी विचारलं तर खरा आकडा सांगायचा.

डबा पुसते, काटा शून्यावर आणते.
येत नाही. शून्य पूर्णांक शून्य दोन.
वाकून बघते,
एक केस, पांढरा.
फुंकर मारायच्या आधी
थोडी थांबते.