बाई क्रमांक सात

त्या दिवशी मी एकशे बारा वेळा मेले.
डंडीच्या गोदीमागे, जिथे एके काळी तागाची वखार होती,
तिथे भिंतींना काळा स्पंज चिकटवलेली एक खोली.
काचेपलीकडे कॅलम, मिसरूडही धड न फुटलेला,
कानात सांगायचा:
"एफी, आता गोळी पोटात लागल्यासारखी.
आता गाडीखाली. नाही, गाडी आधी दिसू दे तुला."
मी बघितली गाडी. मेले.
तासाला बारा पौंड, चहा कंपनीचा.

तीस वर्षं शाळेच्या खानावळीत बटाटे वाढलेत मी,
माझ्या एका हाकेला अख्खी रांग सरळ व्हायची.
त्याच घशातून आता
"सोड रे बाळा, गल्ल्यात आहे ते सगळं ने"
सतरा तऱ्हांनी.

बसला दहा मिनिटं उरलेली असताना
कॅलम म्हणाला, एक ओळ राहिलीये.
त्यानं तुला सोडलं, तर काय म्हणशील, ती.
"म्हणजे, सोडतो का तो?"
"सोडू शकतो. तशी सोय ठेवलीये."
कागदावर जागा कोरी होती. लिहिणाऱ्याला वेळ झाला नसावा.
कोट चढवता चढवता बोलले काहीतरी, एकदाच.
चालेल, म्हणाला. दिवा घालवला.

तीन वर्षांनी रुअरी, माझा नातू,
माझ्याच सोफ्यावर पाय वर घेऊन
त्या काल्डर-बे नावाच्या शहरात फिरतोय.
त्याचा वेस्टन तसा वाईट नाही म्हणे.
बहीण आजारी, बंदरावरच्या टोळीचं देणं,
गोष्टीच्या तुकड्यांत तो रडतोसुद्धा, गाडीत, एकटा.
मग गोष्ट थांबते, आणि पुढची सुरू होईपर्यंत
हाच वेस्टन फुटपाथवरून गाडी घालतो
पाव घेऊन चाललेल्या लोकांवर.
मी विचारलं, बहिणीला कळतं का हे?
रुअरी म्हणाला, ते वेगळं असतं आजी.

दुकानात शिरला. गल्ल्यामागून मी बोलले.
"अगं, ही तर तू!" म्हणून त्यानं आधी मला मारलं,
मग शेजारच्या लॅक्लनला बोलावून पुन्हा.
अकरा वेळा.
खोटं कशाला सांगू, मीही हसले.
चौथं मरण कच्चं होतं, तेव्हा भूक लागली होती मला.

मग म्हटलं, एकदा सोडून बघ.
कसं सोडायचं ते त्याला माहीत नव्हतं.
लॅक्लनलाही नव्हतं.
शेवटी सापडलं: बंदूक खाली करायची
आणि काहीच दाबायचं नाही.
नऊ सेकंद.
सतरा वर्षांच्या पोराला नऊ सेकंद काहीच न करणं,
बाहेर पोलिसांची गाडी कोकलत असताना!
अंगठे पोटाशी धरून बसला होता, पोळल्यासारखे.

आणि पडद्यावरची बाई म्हणाली, माझ्या घाईच्या आवाजात:
"जा. आणि दार ओढून घे, गार वारा येतो आत."

दोघं गप्प.
वेस्टन निघाला. दार उघडंच.
रुअरीनं परत जाऊन सगळी बटणं दाबून पाहिली.
"दार लावता येत नाही, आजी.
केलंच नाहीये त्यांनी."
मी म्हटलं, बरं.

थोड्या वेळानं त्यानं मागचा सेव्ह उघडला.
रिकाम्या हातानं बंदरावर गेलं तर बहीण जाते म्हणे,
गल्ल्याशिवाय पुढे सरकत नाही.
मी स्वयंपाकघरात बटाटे सोलायला गेले.
भिंतीपलीकडून माझा आवाज आला,
सोड रे बाळा, आठव्या तऱ्हेचा,
बाळा म्हणताना जरा चिरकलेला.
चांगला जमला होता तो.