दोन बोटं माया

इबादानमध्ये लग्नाच्या आधी कापड येतं,
माणसं मागाहून.
मोटारसायकलवाला दोन गठ्ठे टेबलावर आपटून गेला:
मुलीकडचा कांद्याच्या सालीचा रंग,
मुलाकडचा मोरपिशी.
ज्याच्या अंगावर जो, त्याचं ते घर.
मांडवात कुणाला विचारावं लागत नाही
तू कुणाचा म्हणून.

मोठ्यांचं सोपं असतं.
ते कंबरेचं माप खोटं सांगतात, मी खरं शिवते.
पोरांचं अवघड.
लग्न डिसेंबरात, मापं ऑगस्टात,
आणि पोरं काय माझी टेप बघून वाढतात?
"वाढत्या अंगाचं शिव गं, आबोसेडे,"
सगळ्या आया दारातूनच सांगतात, चपला न काढता.
मी मान हलवते.
प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया,
आत दुमडलेली, कुणाला न दिसणारी.

फोलारिनला टोपी बापासारखी हवी, एका कानावर कललेली.
अंगठ्यांची उशी त्याच्याकडे; तो आत्तापासून
माझी टाचण्यांची उशी घेऊन दुकानभर चालतो, श्वास धरून.
मोयोसोरेच्या काखेत टेप नेली की ती खिदळून खाली बसते,
तिचं छातीचं माप मी तीनदा घेतलं,
तिन्ही वेळा वेगळं.
तिला लेस टोचते.
"सोहळ्यात टोचतंच," तिची मावशी म्हणाली,
स्वतःचा गळा खाजवत.

मग एनितान.
नऊ वर्षांची. नवरदेवाची मुलगी, आधीच्या संसारातली.
आई पोर्ट हार्कोर्टला असते, धडधाकट,
रविवारी फोनवर.

नवरीची आई म्हणाली, कांद्याचा रंग,
आता ती आमची.
नवरदेवाची बहीण म्हणाली, मोरपिशी,
रक्त काय कापडानं बदलतं?
मग आवाज चढले, मग वीज गेली,
शेजारच्याचा जनरेटर धडधडायला लागला
आणि दोघी त्याच्याहून मोठ्यानं बोलू लागल्या.
स्टुलावर पोर उभी, हात दोन्हीकडे पसरलेले,
मक्याच्या शेतातल्या बुजगावण्यासारखी.
हात खाली घे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
मीही विसरले होते.

"तुला कुठला हवा?"
मी हळूच विचारलं, तोंडात टाचण्या धरून.
"ज्याला खिसा असेल तो."

छोट्या नवरीला खिसा नसतो. आत्यानं सांगितलं,
मावशीनं सांगितलं,
या एका गोष्टीवर दोन्ही घरांचं एकमत झालं.
रंगाचा तोडगा निघाला तो असा तसाच,
फ्रॉक कांद्याच्या सालीचा, कंबरेला मोरपिशी पट्टा,
म्हणजे दोघींनाही अर्धाच राग.

त्या गेल्यावर पोर दारातून परत आली.
"खोल कर," म्हणाली.
"किती खोल?"
तिनं मूठ वळली आणि टेबलावर ठेवली,
खडूच्या शेजारी, वजनमापासारखी.
मी आयुष्यात गळे मोजले, नितंब मोजले,
मेलेल्या माणसाचे खांदे मोजले एकदा.
मूठ पहिल्यांदाच मोजली.
उजव्या शिवणीत लपवून शिवला खिसा,
शाळेच्या गणवेशातून उरलेल्या खाकी तुकड्याचा.
इकडचाही नाही, तिकडचाही नाही.

डिसेंबरात फोलारिनचे घोटे उघडे पडले, मी म्हटलंच होतं.
नवरीवर नोटा उधळल्या,
मोयोसोरेनं घेरात गोळा केल्या, टोचणं विसरून.
फोटोत सगळ्यांचे हात दिसतात, एनितानचा एकच.
दुसऱ्या हातात काय होतं
मी विचारलं नाही. शिंप्यानं विचारू नये.

जानेवारीत फ्रॉक आला, बाजू सैल करायला.
चार महिन्यांत पोर अडीच बोटं भरली होती.
होती नव्हती ती माया सोडली,
उरलं अर्धं बोट, त्यासाठी मोरपिशी पट्टी जोडली काखेत.
मग सवयीनं खिसा उलटा केला.
रिकामा.
फक्त तळाची शिवण उसवलेली,
आतून रेटल्यासारखी.

तिथं दुहेरी टीप मारली,
आणि खिसा बोटभर आणखी खोल केला.
त्याचे पैसे लावले नाहीत.