पन्हळ

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात
नुसैबा फणसोपकरचा प्रोग्राम
पावसाळाभर बिनतक्रार चालला.
होड्या शाकारलेल्या, हिशेब चार ओळींचा.

नारळीपौर्णिमेनंतर अडकला.
एरर नाही, काही नाही.
कर्सर तेवढा लुकलुकतोय.

ती धक्क्यावर उतरली.
क्रशरवाला फावडं टेकून उभा, पन्हळ गच्च.
होडीतून सोलकर तांडेल:
"तुझं संपू दे सगळं, मग उचलतो."
"तू उचल, तर संपेल ना!"
मधल्यामध्ये बर्फाचं पाणी.

चौसष्ट केबी.
पाइपात मावतं ते एवढंच.
पुढचा शब्द दाराशी उभा,
आणि घेणारा त्याच्या संपण्याची वाट बघत.

वर जाऊन तिनं दोन ओळी उलटसुलट केल्या:
आधी वाचायचं,
वाट नंतर बघायची.

बिल सरसर छापून आलं.
तांडेल म्हणाला,
वितळलं त्याचे पैसे कोण देणार?